तारेचं टोक आत

धुमाळवस्ती, ता. कर्जत
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप वस्तादांना ज्योतीचा नमस्कार.

मी आदिनाथ धुमाळ यांची बायको. लग्नात तुम्ही मला पाहिलं होतं. त्यानंतर दर दिवाळीला तुमचं कार्ड येतं आणि त्यात शेवटी 'ज्योतीला आशीर्वाद' असतं. तेवढ्या ओळखीवर लिहिते आहे.

या दिवाळीला तुमच्या कार्डाला उत्तर गेलं नाही. मागच्या मार्चमध्ये ह्यांच्या गाडीला अपघात झाला. ओढ्याच्या पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. पिकअप दुधाच्या कॅननी भरलेली होती, ती बाभळीवर गेली. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ब्रेकचं तेल गळतंय हे त्यांना दोन दिवस आधी कळलं होतं. उद्या बघू म्हणून राहून गेलं. दुसऱ्याच्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर रस्त्यात थांबवून सांगणारा हा माणूस. 'वस्तादांना कळवू नको, कोणत्या तोंडानं सांगू' असं मला बजावलं आहे. म्हणून हे पत्र त्यांच्या नकळत.

गाडी दुरुस्त झाली. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात माझ्या भावानं मला चालवायला शिकवलं. ऑगस्टपासून दुधाची फेरी मी करते. सहा वस्त्यांचं दूध घ्यायचं आणि साडेआठच्या आत संकलन केंद्रावर पोचवायचं. डिसेंबरपर्यंत एक दिवस उशीर झाला नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून गाडी बदलली. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. मग उशिरानं आवाज वाढतो, पण वेग काही येत नाही. शिवाय गाडी मोकळी पळत नाही. कोणीतरी मागून पदर धरून ठेवलाय असं वाटतं. मिरजगावच्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, मिटलं आणि म्हणाला, 'बाई, गाडी तुमाला झेपंना म्हणून तसं वाटतंय.' ह्यांना सांगितलं तर म्हणाले, 'म्हातारी झालीय गाडी. हळू चालव.'

रोज वीस मिनिटं उशीर होतो आणि आता ऊन तापायला लागलं आहे. शेवटच्या वस्तीवर रंगुबाई आहेत. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, त्या दोन गाई घेऊन एकट्या राहतात. त्यांचं दूध दोनदा नासलं म्हणून परत आलं. त्या मला काही बोलल्या नाहीत, कॅन उचलून घरात गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. केंद्रावरचे साहेब म्हणालेत, दहा मार्चपासून वेळेत आली नाहीस तर ही फेरी केंद्रावरच दुसऱ्या वस्त्यांचं दूध आणणाऱ्या श्रीमंतच्या गाडीला देऊ. फेरी गेली तर गाडी विकावी लागेल. मला गाडीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटते. ही गाडी ह्यांनी तुमच्या गॅरेजातल्या नऊ वर्षांच्या कमाईतून घेतली. ती दारातून गेली तर हे अंगणात येऊन बसायचेही बंद होतील.

तुम्हाला ऐकू येत नाही हे तुमच्या कार्डावरूनच कळलं, म्हणून फोन केला नाही. तुमच्या मुलाला मेसेज केला असता तर त्यानं ह्यांना फोन केला असता. उत्तर घरी नको, खाली केंद्राचा पत्ता लिहिला आहे तिथं पाठवा.

तुमची,
ज्योती


सावेडी, अहिल्यानगर
८ फेब्रुवारी

चि. ज्योती, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवसांत वाचून झालं. पहिल्या दिवशी पायापर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

पस्तीस वर्षं मी इंजिनाला कान लावले, ते इंजिनानं ठेवून घेतले. पोरानं कानात घालायचं यंत्र आणलंय. त्यातून सून 'जेवायला चला' म्हणाली की कुकरची शिट्टी झाल्यासारखी वाटते. घरचे लई जीव लावतात. पण आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, आणि इथपर्यंत गाड्या येत नाहीत. सुप्याचं गॅरेज बंद केल्यापासून मला कोणी गाडीचं विचारलं नव्हतं. तू विचारलंस, बरं वाटलं.

आता काम. गाडी ओढत नाही म्हणजे एकतर इंजिन ताकद देत नाही, नाहीतर इंजिन देतंय पण चाकं पळू देत नाहीत. कधी दोन्ही असतं. आपण एकेक करून बघू.

आधी एअर फिल्टर काढून बघ. ऊस चालू आहे, धुळीनं बुजला असेल तर बदल. डिझेल फिल्टरही बदलून घे. एवढ्यानं पाय हलका झाला तर गाडीचं भांडण मिटलं.

नाही मिटलं तर फेरी संपल्यावर सपाट जागी, एक जण आत बसवून, गिअर काढून, हँडब्रेक सोडून रिकामी गाडी ढकलून बघ. दोन माणसांनी सहज हलायला पाहिजे. मग चारी चाकांवर पाण्याचे थेंब टाक. हात लावू नकोस, भाजेल. थेंब ओघळला तर ठीक. चर्र झाला तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, घासत राहतो. कोणत्या चाकावर काय झालं ते नीट लिही.

बिघाड सुरू झाला त्या आठवड्यात गाडी कुठं आदळली होती का, खड्ड्यात गेली होती का, तेही आठव.

आणि आवाज लिहून पाठव. मी गाडी बघण्याआधी ऐकायचो. आता ऐकायचं काम तुझं.

आद्या नुसतं 'हळू चालव' म्हणतो हे मला पटलं नाही. तो आमच्याकडे असताना स्कूटर खोकली तरी जेवण सोडून उठायचा.

तुझा,
मच्छिंद्र वस्ताद


धुमाळवस्ती
१४ फेब्रुवारी

वस्तादांना नमस्कार.

दोन्ही फिल्टर बदलले. एअर फिल्टरमधून मूठभर माती निघाली. गाडीचं खोकणं कमी झालं, पण बाकी सगळं तसंच आहे.

केंद्रासमोर गाडी ढकलून पाहिली. मी आणि अजून एक बाई. जागची हलेना. श्रीमंतभाऊ पलीकडून पळत आले, 'वहिनी, गिअरमधी हाय का काय?' गिअरमध्ये नव्हती. तिघांनी मिळून लावला जोर, तेव्हा कुठं चार हात सरकली.

थेंबांचं घरी येऊन केलं. मी तांब्या घेऊन गाडीभोवती फिरतेय हे बघून आत्याबाई (माझ्या सासूबाई, छबूबाई) ओट्यावरून म्हणाल्या, 'गाडीला आंगूळ घालतीस का दिष्ट काढतीस?' मी म्हटलं, दोन्ही. पुढच्या दोन चाकांवर थेंब नुसते ओघळले. मागच्या दोन्ही चाकांवर पडता क्षणी चर्र झाले. डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखं.

आवाज लिहायचा म्हणजे कठीण. गाडी निघताना मागून बारीक 'सुंई' असा येतो. जात्यात दाणा संपल्यावर दगडावर दगड फिरतो तसा, पण पुष्कळ लांबून. इंजिनाचा आवाज चिडलेला वाटतो. आणि पाय दाबल्यावर पहिलं बोटभर अंतर रिकामं जातं, तिथं काहीच लागत नाही.

गाडी कुठं आदळली नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. मला उशीर होत होता, म्हणून मी गाडी बाजूनं काढली. समोरून एसटी आली. हातभर अंतर राहिलं असेल. घरी आल्यावर मी ते हसत हसत सांगितलं, आत्याबाईंना हात करून दाखवलं केवढं अंतर होतं ते. हे जेवत होते. पाणी न पिता उठले. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. गाडी बायकोनं चालवावी हे त्यांना आतून सोसत नसेल, असं मला वाटतं. आत्याबाईही एकदा म्हणाल्या, 'ड्रायव्हरीनबाई, जरा नवऱ्याच्या तोंडाकडं बी बगत जावा.' मी बघते. पण तोंड दिसायला त्यांनी वर तर केलं पाहिजे.

एक मात्र आहे. पहाटे मी निघायच्या आधी हे उठून चहा करून ठेवतात. इतका वाईट चहा मी कुठं प्यायले नाही. तरी पिते.

अजून एक, गाडीचं नाही. मागच्या महिन्यात दोनदा ह्यांच्या सदऱ्याच्या पाठीला माती दिसली. मी रानात गेल्यावर कुबडी घेऊन चालायचा सराव करताना पडले असतील आणि लपवत असतील. मी काही विचारलं नाही. कुबडीच्या टोकाला नवीन रबर आणून लावलं. ते बघून त्यांनी मान खाली घातली.

तुमची,
ज्योती


सावेडी
१९ फेब्रुवारी

चि. ज्योती,

तुझं जातं मला ऐकू आलं. आवाज असा लिहिता येतो हे मला माहीत नव्हतं.

ब्रेक घासतात आणि मागचे दोन्ही घासतात. आता मी सांगतो ते लक्ष देऊन वाच. गंज, माती, अडकलेला पिस्टन, असले बिघाड डावं-उजवं सारखं करत नाहीत. एका चाकाला आज धरतात, दुसऱ्याला चार महिन्यांनी. दोन्ही बाजू इतक्या सारख्या आवळलेल्या असतील तर तो बिघाड नाही. कोणीतरी हातानं आवळलंय.

मला आणखी दोन गोष्टी कळव. हँडब्रेक ओढताना किती 'कट' वाजतात? तुमच्या जुन्या बनावटीच्या गाडीला सहा-सात वाजले पाहिजेत. आणि ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीखाली टॉर्च मारून बघ. तिथं एक बोल्ट असतो, पाय किती खाली जायचा ते तो ठरवतो. तो वर काढलाय का, त्याच्या नटाला काही बांधलंय का? इंजिनाजवळ केबलचा नट आहे, तोही बघ. कशालाच हात लावू नको. जसं असेल तसं चित्र काढून पाठव.

आणि विचार करून सांग. गाडी कुठं उभी असते, जवळ कोण येतं, फेरी तुझ्याकडून गेली तर कोणाला मिळते? मला जे वाटतंय ते लिहायला बरं वाटत नाही. पण धंद्यात मी असली माणसं पाहिलीत. जपून राहा.

मच्छिंद्र वस्ताद


धुमाळवस्ती
२४ फेब्रुवारी

वस्तादांना नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. हँडब्रेकला दोनच कट वाजतात. पायपट्टीखालचा बोल्ट दोन बोटं वर काढलेला आहे, म्हणजे मी कितीही जोर दिला तरी पाय अर्ध्यावरच अडतो. इंजिनाजवळची केबल सैल सोडली आहे. चित्र सोबत आहे. चित्रकला चौथीपर्यंतचीच, सांभाळून घ्या.

मला आधी रडू आलं आणि मग राग आला. दोन-अडीच महिने मी स्वतःला नावं ठेवत होते. मिस्त्री म्हणाला ते खरंच असेल, माझ्याच पायात जोर नसेल, असं वाटायचं. आणि इकडे कोणीतरी मुद्दाम करून ठेवलेलं. केंद्रावर गाडी अर्धा तास उभी असते. फेरी माझ्याकडून गेली तर श्रीमंतला मिळते. दुसरं नाव कोणाचं घेणार?

काल मी केंद्रावर सगळ्यांसमोर त्याला विचारलं. 'माझ्या गाडीखाली कधी शिरलास?' आधी त्याला वाटलं मी मस्करी करतेय. 'वहिनी, माझं पोट बगा, मी माझ्या गाडीखाली शिरत न्हाई,' म्हणाला. सगळे हसले. मी हसले नाही. मग त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, 'आदिनाथ दवाखान्यात हुता तवा पाच महिने तुमची फेरी कुनी केली? आनि तुमी शिकून आल्यावर परत कुनी दिली?' ते खरं आहे. तो कॅन उतरवायचे सोडून गाडीत जाऊन बसला. मी घरी आले. तरी मला वाटतं तोच असणार. दुसरं कोण असेल? सोमवारी साहेबांकडे लेखी तक्रार देणार आहे. ती कशी लिहायची ते कळवा.

ह्यांना हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील, कुबडी घेऊन निघतील. हे फक्त एवढंच म्हणाले, 'श्रीमंत न्हाई तसा.' आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दिवसा, अकरा वाजता.

चित्रात राहिलेली एक गोष्ट लिहिते. पायपट्टीच्या, केबलच्या आणि खाली हँडब्रेकच्या, अशा तिन्ही नटांना बारीक तारेचे तीन-तीन वेढे दिले आहेत, हादऱ्यानं सैल होऊ नयेत म्हणून असावेत. मी अंधारात चाचपत हात घातला तेव्हा तार टोचेल अशी भीती होती. पण टोचली नाही. प्रत्येक तारेचं टोक वळवून आतल्या बाजूला दाबलेलं आहे. ज्यानं वाईट केलं त्यानं एवढं तरी बरं केलं.

तुमची,
ज्योती


सावेडी
२७ फेब्रुवारी, स्पीड पोस्टनं

ज्योती,

तक्रार देऊ नको. श्रीमंतची माफी माग, ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर माग. त्याला सांग की म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यात भरवलं. ते खरंच आहे. चूक माझी आहे.

मी चुकलो कुठं ते सांगतो. वाईट चिंतणारा माणूस ब्रेक सैल करतो. इथं कोणी ब्रेक आवळलेत. वाईट चिंतणारा पायपट्टी खालीच अडकेल असं करतो. इथं ती वरच्यावर अडवून ठेवली आहे. पस्तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला हे तू थेंबांचं लिहिलंस तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. मी गाडीकडे बघत बसलो, तू लिहिलेल्या माणसाकडे बघितलंच नाही.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. नटाला तार बांधली की तिचं टोक आत वळवायचं, कारण पुढच्या खेपेला तिथं दुसऱ्याचा हात जाणार असतो. जो टोक बाहेर ठेवील त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. माझ्याकडे येऊन गेलेल्या प्रत्येकानं चहा केलाय, मीही केलाय. एकच माणूस होता की ज्याच्यावर नऊ वर्षांत एकदाही ती पाळी आली नाही. म्हणून त्याला अजून चहा करता येत नाही.

तू हे वाचता वाचता खाली बसली असशील. बस जराशी.

आता राग येईल, तो येऊ दे. तुझा हक्क आहे. दोन-अडीच महिने तू स्वतःला नावं ठेवलीस, रंगुबाईचं दूध नासलं, श्रीमंतचा अपमान झाला. पण त्याच्या सदऱ्याची माती आठव. एका पायानं, पाठीवर सरकत तो गाडीखाली गेला. ज्या ब्रेकनं त्याला दगा दिला तो तुझ्यासाठी कायमचा लावूनच ठेवला. 'मला भीती वाटते' एवढं तोंडानं म्हणता आलं असतं तर पाना हातात घ्यावा लागला नसता.

पण त्यानं जे केलंय ते धोक्याचं आहे, हे त्याला कळलंच पाहिजे. सतत घासणारा ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन उताराला लागत नाही. त्याला पुलावरचं जे टाळायचं होतं तेच तो तयार करत होता. म्हणून हे सगळं सुटेपर्यंत गाडी भरून नेऊ नको. दोन-तीन दिवस दूध न्यायला श्रीमंतला सांग. माफी मागायला गेलीस की तिथंच सांग. तो नाही म्हणायचा नाही.

आणि नट तू सोडू नको. मिस्त्रीकडेही नेऊ नको. ज्यानं बांधलंय त्यालाच सोडू दे. सोबत एक बंद चिठ्ठी आहे, ती आद्याला दे. तू वाचलीस तरी चालेल, पण न वाचता दिलीस तर जास्त बरं.

मच्छिंद्र


धुमाळवस्ती
४ मार्च

वस्तादांना नमस्कार.

चिठ्ठी न वाचता दिली.

श्रीमंतभाऊंची माफी मागितली, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, 'बरं झालं. दोन दिवस मला बी वाटाया लागलं हुतं की मीच केलं का काय.' दूध त्यांनीच नेलं. रंगुबाईंच्या वस्तीवर मी त्यांच्या शेजारी बसून गेले, म्हणजे रंगुबाई घाबरायला नकोत.

तुमचं पत्र मी केंद्राच्या पायरीवर बसून वाचलं. राग आला. घरी जाऊन काय काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आले. दारात पोचले तर हे चहा गाळत होते, अर्धा कपात, अर्धा ओट्यावर.  तुमची चिठ्ठी तिथं कपाशेजारी ठेवली.

त्यांनी तुमचं अक्षर ओळखलं. वाचली, घडी केली, खिशात ठेवली.  मग मला विचारलं, 'कवापासून ठाव हाय?' मी म्हटलं, आजपासून. 'मग भांडली का न्हाईस?' मी म्हटलं, 'भांडणार आहे. आधी गाडी होऊ द्या.'

नंतर मी विचारलं, 'मी चालवते त्याचा राग नाही ना?' माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. म्हणाले, 'राग कशाचा? तू दूध भरून फाटकावरून पुढं गेलीस की मी आकडे म्हनत बसतो. हितून पुलापर्यंत तीनशे चाळीस. तितके झाले की तू पूल वलांडलास म्हनायचं. त्या दिवशी तू हातभर अंतर म्हनालीस, तवापासून आकडेच चुकाया लागले.'

वस्ताद, मी त्यांचं तोंड वाचत होते आणि सगळं उलटं वाचत होते.

उद्या गाडी जॅकवर घेणार आहोत. पुढचं ते स्वतः लिहितो म्हणाले आहेत. लिहितील की नाही कोण जाणे, वर्षभरात त्यांनी पेन धरलेलं नाही.

तुमची,
ज्योती


धुमाळवस्ती
१२ मार्च

वस्ताद,

नमस्कार. आधी कामाचं लिहितो.

मागचे दोन्ही ड्रम उघडले. आतले लायनर, म्हणजे घासायचे पट्टे, तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, नवीन टाकले. ब्रेकचे शू मोकळे करून परत बसवले. जॅकवर चाक हातानं फिरवलं तर तीन फेरे जातं. हँडब्रेक सहा कट. पायपट्टीचा बोल्ट होता तिथं नेला, केबलला फक्त नखभर सैल ठेवली. ब्रेकचं तेल नवीन भरलं, सगळे जोड पुसून खाली कागद अंथरून एक दिवस बघितलं. थेंब नाही. हे आता रोज सकाळी बघतो. कागद मी अंथरतो, ती बघते, मग निघते. असं ठरलंय.

मी खाली झोपून सांगत होतो, पाना ज्योतीच्या हातात. पहिल्या नटाला तिनं तार बांधली ती टोक बाहेर ठेवून. मी रीत सांगितली. ती म्हणाली, 'मग चहा मी करते, तेवढीच सुटका.' आई म्हणाली, 'येवडी चांगली शिक्शा मी कुटं बगितली न्हाई.' तीन महिन्यांनी घरात पिण्यालायक चहा झाला.

तुमची चिठ्ठी खिशात असते. 'आद्या, दोन्ही बाजू सारख्या आवळल्यास, काम चोख आहे. आता तितकंच चोख सोड.' एवढंच लिहिलंत. पायाबद्दल एक शब्द नाही. तेलाचं मी दोन दिवस आधी बघितलं होतं, हे तिनं तुम्हाला लिहिलंच असेल. तुम्ही ओरडाल याची वर्षभर वाट बघत होतो. ओरडला असता तर तुमच्यापुढं यायला सोपं गेलं असतं. तरी येणार आहे.

दहा तारखेला, साहेबांनी दिलेली मुदत संपली त्या दिवशी, ती म्हणाली, 'घरी बसून आकडे म्हणू नका. गाडीत बसून म्हणा.' श्रीमंतनं मला उचलून बसवलं. वर म्हणाला, 'लई जड हायस रं, बसून खातोस.' त्या सीटवर मी वर्षानं बसलो, तेही डाव्या बाजूला.

गाडी मोकळी झालीय, वस्ताद. ती पायाला लगेच उत्तर देते. रंगुबाईची वस्ती आठला सोडली. कॅन भरलेले, आमचं फाटक मागं पडलं, आणि पुढं पूल. उतार लागला तसा माझा उजवा पाय दाबला गेला. पाय नाही हे ठाऊक असून दाबला गेला.  तिच्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून मी रस्त्याकडे बघत होतो. बाभळीच्या अलीकडे दगडी कठडा सुरू होतो, त्या कठड्याच्या पहिल्या दगडाशी मी नेहमी दाबायचो. त्याच दगडाशी मी आताही दाबलं आणि त्याच क्षणाला गाडी पुढून दबली. हळू झाली. ब्रेक तिनं लावला होता. मी काही बोललो नव्हतो. तिला ती जागा कोणी सांगितली नव्हती, ती तिला तिचीच सापडलेली.

मग तिनं पाय उचलला आणि गाडी सुटली.

केंद्रावर आठ वाजून वीस मिनिटांनी पोचलो. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि वहीत आमच्या फेरीपुढं खूण केली.

पुढच्या रविवारी फेरी झाल्यावर तुमच्याकडे येतोय. चौथा मजला मी चढणार नाही, तुम्हीच खाली या. गाडी गेटाशी लावतो. इंजिन चालू ठेवतो. ऐकू येत नसेल तर बॉनेटवर हात ठेवा, तुम्हाला कळेल.

तुमचा,
आदिनाथ

ता. क. वस्ताद, मी ज्योती. ह्यांनी एक लिहिलं नाही ते सांगते. पूल यायच्या आधीच, दोनशे दहावर, त्यांनी आकडे म्हणणं सोडून दिलं होतं.